शिबंदी आणि बरतर्फी

‘शिबंदी’ हा शब्द आमच्या धाराशिव भागात आता जुन्या दप्तरांत आणि थोड्याशा म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढा उरला आहे. किल्ल्याच्या रखवालीसाठी, वसुलीच्या कामासाठी किंवा एखाद्या मोहिमेपुरती जी फौज ठेवीत, जिचे नाव कायमच्या लष्कराच्या हजेरीपटावर नसे आणि काम सरताच जिला रजा मिळे, ती शिबंदी. फारसी ‘सिहबंदी’वरून हा शब्द आला, त्यातील ‘सिह’ म्हणजे तीन, आणि तिमाही पगारावर ठेवलेली माणसे असा त्याचा मूळ अर्थ, असे कोशकार सांगतात. ती व्युत्पत्ती खरी मानली, तर या शब्दाच्या पोटातच मुदत दडलेली आहे. आणि म्हणूनच जुन्या कागदांत शिबंदीच्या नेमणुकीबरोबर तिच्या बरतर्फीचाही उल्लेख इतक्या सहजपणे येतो, की जणू पेरणीनंतर काढणी यावी.

इराक, लेबनॉन, सीरिया या देशांतील शिया सशस्त्र दलांच्या वार्ता गेली काही वर्षे वाचताना मला वारंवार हा जुना शब्द आठवत आला आहे. परकी सत्ता मुलुखात शिरली, राज्याची फौज मोडली किंवा पळाली, आणि तेव्हा धर्मगुरूंच्या शब्दावर शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी बंदूक घेऊन उभे राहिले, हा त्या प्रदेशाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात पुनःपुन्हा घडलेला प्रकार होय. अशा लढाईस धर्माची अनुज्ञा आहे काय, या प्रश्नावर पंडितांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. परंतु धर्माच्या नावाने उभी राहिलेली शिबंदी बरतर्फ कोणी करावयाची, या प्रश्नाचे उत्तर शोधू गेले असता मात्र त्या ग्रंथांची पाने फार विरळ होत जातात.

धाराशिवच्या माणसाने या गोष्टीत डोके का घालावे, असे कोणी विचारील. त्याला मी परंड्याचा आणि नळदुर्गाचा किल्ला दाखवीन. परंडा दीर्घकाळ निजामशाहीच्या अंमलात होता, नळदुर्ग आदिलशाहीच्या; आणि ही दोन्ही राज्ये सोळाव्या शतकाचा बराच काळ शिया पंथाची होती. निजामशाही शिया झाली तिचे बीज तर परंड्यातच पडले. शाह ताहिर नावाचा विद्वान, ज्याच्याभोवती जमणाऱ्या शिष्यांमुळे इराणचा शाह इस्माईल संशयाकुल झाला, तो जीव वाचवून १५२० च्या सुमारास समुद्रमार्गे गोव्यास उतरला, आदिलशाही दरबारात त्याची दाद लागली नाही, आणि पुढे तो परंड्याच्या ख्वाजा जहानापाशी येऊन राहिला. बुऱ्हाण निजामशहाने काही कामासाठी परंड्यास पाठविलेला पीर महंमद शिरवानी हा शास्त्री त्याच्यापाशी टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ शिकत महिनोन् महिने तेथेच रेंगाळला, आणि अहमदनगरास परतल्यावर त्याने आपल्या धन्यास या पाहुण्याचे नाव सांगितले. १५३७-३८ मध्ये बुऱ्हाणशहाने शिया पंथ स्वीकारला तो याच शाह ताहिरच्या प्रभावाने. म्हणजे शिया बादशहाने हाकललेल्या माणसाने दक्षिणेत शिया राज्य घडविले, आणि त्याचा आरंभ परंड्याच्या तटाआड, ग्रहताऱ्यांच्या गणितावर माना खाली घालून बसलेल्या दोन माणसांत झाला. पंथाचे ऐक्य आणि राज्याचे हित ही दोन वेगळी खाती आहेत, हे समजण्यासाठी याहून दूर जाण्याचे कारण नाही.

विजापुरास याच सुमारास दुसरा प्रयोग चालू होता. इराणच्या शाहाचा वकील आला आणि त्याने इस्माईल आदिलशहास बरोबरीच्या राजाच्या पदवीने संबोधिले, तेव्हा तो इतका हर्षित झाला, की त्याने आपल्या सैन्यास बारा इमामांच्या नावाने बारा पाकळ्यांच्या तांबड्या टोप्या घालण्याचे फर्मान काढले. हे इतिहासकार फिरिश्त्याने लिहून ठेवले आहे. फिरिश्ता स्वतः शिया, अहमदनगरातील दंगलीतून निसटून विजापुरास आलेला. तेव्हा त्याचे लिखाण थोडे जपून वाचावे, पण या बाबतीत त्यास खोटे लिहिण्याचे कारण दिसत नाही. इस्माईलचा पुत्र पहिला इब्राहिम १५३४ मध्ये गादीवर येताच त्याने त्या टोप्या उतरविल्या, सुन्नी खुतबा सुरू केला, आणि आफाकी म्हणजे परदेशी शिलेदारांपैकी थोडे वगळून बाकीचे बरतर्फ केले. त्याच हुकुमाच्या ओघात महसुलाचे दप्तर फारसीतून हिंदवीत गेले आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती आले. आमच्या गावोगावच्या कुळकर्ण्यांच्या वह्यांना जी राजमान्यता लाभली तिचा एक धागा असा एका पांथिक फौजेच्या बरतर्फीला जाऊन मिळतो. आणि ते बरतर्फ झालेले शिलेदार? त्यांपैकी पुष्कळांना विजयनगरच्या रामरायाने चाकरीस ठेविले; मुजरा करताना त्यांच्या मनास टोचणी लागू नये म्हणून तो आपल्यासमोर कुराणाची प्रत ठेववीत असे, अशीही फिरिश्त्याची नोंद आहे. टोपी उतरली, पोट तेवढे उरले, आणि तलवार.

नळदुर्गाचा दगडी कोट ज्या अली आदिलशहाच्या काळी उठला, त्याने १५५८ मध्ये पुन्हा शिया पंथ राज्याचा केला. याच अलीच्या नावाने मलबारातील पोन्नानीच्या शेख झैनुद्दीन मखदूम याने आपला ‘तुहफत-उल-मुजाहिदीन’ हा ग्रंथ अर्पण केला. मखदूम हा शाफी सुन्नी धर्मशास्त्री. पोर्तुगीज फिरंग्यांनी मलबारच्या किनाऱ्यावर मांडलेल्या उच्छेदाचे वर्णन करून त्यांच्याशी लढणे हे कर्तव्य कसे, ते त्याने त्यात प्रतिपादिले आहे. सुन्नी पंडिताने परकीयांविरुद्धच्या धर्मयुद्धाचे आवाहन शिया सुलतानास करावे, आणि ज्या कालिकतच्या सामुतिरीच्या झुंजीची त्याने प्रशंसा केली तो हिंदू असावा, ही गोष्ट पंथभेदाच्या आजच्या कल्पनांत सहज बसत नाही. १५७० मध्ये अली आदिलशहाने गोव्यास, मुर्तजा निजामशहाने चौलास वेढा घातला, सामुतिरीही त्यांना येऊन मिळाला, आणि पश्चिम किनाऱ्यावरून फिरंग्याचे पाऊल उखडणार असे काही महिने वाटलेही. १५७१ मध्ये दोन्ही वेढे उठले. चौलास निजामशाही अंमलदारांनी फिरंग्यांकडून नजराणे, त्यांतही मद्याची पिंपे, घेऊन रात्री रसद आत जाऊ दिली, असे फिरिश्ता म्हणतो.

परंड्यावर एके काळी असलेली मुलुखमैदान तोफ १६३२ मध्ये विजापुरास गेली; आज ती तेथील शेर्झी बुरुजावर आहे आणि मी ती दोनदा पाहिली आहे. १५४९ मध्ये अहमदनगरात महंमद बिन हसन रूमी याने ती ओतली. तोंड अक्राळविक्राळ पशूचे, आणि त्याच्या जबड्यात हत्ती. तिच्या अंगावर बुऱ्हाण निजामशहाचे नाव आहे, आणि त्याने स्वतःस पैगंबराच्या घराण्याचा सेवक म्हणविले आहे, जी शियांची खास नम्रता होय. सव्वाशे-दीडशे वर्षांनी विजापूर पडल्यावर औरंगजेबाने त्याच तोफेवर आपला लेख कोरविला, आणि त्यात तो गाझी, म्हणजे धर्मवीर. त्याने जिंकलेले राज्यही मुसलमानाचेच होते. दुपारच्या वेळी त्या तापलेल्या धातूवर हात ठेवला असता दोन्ही लेख सारखेच चटका देतात, आणि तोफेस कोणाचे म्हणणे पटले होते ते कळत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे यावे. बारा इमाम मानणाऱ्या शियांच्या श्रद्धेनुसार बारावे इमाम ८७४ मध्ये लोकदृष्टीआड झाले आणि ९४१ पासून त्यांचा प्रतिनिधींमार्फत चालणारा संबंधही थांबला. ते जिवंत आहेत आणि युगान्ती प्रकट होऊन न्याय स्थापतील. या एका सिद्धान्ताने शिया राजनीतीवर विलक्षण भार टाकला. ज्याला युद्ध पुकारण्याचा निर्विवाद अधिकार तोच अनुपस्थित, तेव्हा मुलूख जिंकण्यासाठी, धर्म पसरविण्यासाठी आपण होऊन करावयाचा जिहाद बहुतेक धर्मशास्त्र्यांनी इमामाच्या पुनरागमनापर्यंत स्थगित ठरविला. इतकेच नव्हे, तर त्या पुनरागमनापूर्वी जो कोणी निशाण उभारील तो ईश्वराच्या जागी स्वतःस बसवितो, अशा आशयाचे एक वचन त्यांच्या प्राचीन संग्रहांत नोंदलेले आहे. त्याच्या अर्थावर पंडितांनी पुष्कळ खल केला, परंतु ते वचन तेथून पुसले गेले नाही. एकच दार उघडे राहिले, ते संरक्षणाचे. घरावर दरोडा आला असता चौकीदाराच्या परवानगीची वाट कोणी पाहत नाही, त्याचप्रमाणे शत्रू मुलुखात शिरला असता त्यास हटविणे हे प्रत्येकाचे कर्तव्य, मग इमाम उपस्थित असोत वा नसोत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाने इराणवर स्वारी केली तेव्हा नजफच्या शेख जाफर काशिफ-उल-गिता यांनी फत्तेअली शाहास याच आधारावर अनुज्ञा दिली. १८२६ च्या दुसऱ्या युद्धास तर मुजतहिदांनीच, म्हणजे धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्र्यांनीच, जोर लावला, आणि १८२८ च्या तुर्कमानचाय तहाने त्याचे मोल चुकते झाले.

पहिल्या महायुद्धातील एक प्रसंग मराठी माणसास दुरून पाहता येणार नाही, कारण आपली माणसे त्यात होती. १९१४ च्या अखेरीस इंग्रजांच्या हिंदी फौजेने बसरा घेतले, तेव्हा नजफ-करबल्याच्या मुजतहिदांनी सुन्नी खलिफाच्या राज्याच्या रक्षणासाठी फतवे दिले. ज्या तुर्की अंमलाने शियांस शतकानुशतके दुय्यम वागविले त्याच अंमलासाठी! मखदूमाच्या अर्पणपत्रिकेचे हे जणू उलटे प्रतिबिंब. महंमद सईद हबूबी हा कवी म्हणून गाजलेला वृद्ध मुजतहिद टोळ्यांचे स्वयंसेवक घेऊन स्वतः निघाला. १९१५ च्या एप्रिलमध्ये शैबा येथे लढाई झाली. समोरच्या बाजूस मराठा पलटणीही होत्या, आणि ‘शैबा’ हे नाव मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रणसन्मानांत आजही आहे. स्वयंसेवक फुटले, तुर्की सेनापतीने स्वतःवर गोळी झाडून घेतली, हबूबी थोड्याच आठवड्यांत नासिरियात वारले. सातारा-रत्नागिरीकडचा एखादा शिपाई आणि फरात नदीकाठचा भातशेतकरी, दोघेही परकीयाच्या राज्याचे रक्षण करीत एकमेकांवर गोळ्या झाडीत होते, आणि दोघांच्याही घरी आभाळाकडे डोळे लावून बसलेली शेती होती. पुढे कुतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या, आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांत त्यांची माणसे होती. मात्र शैब्यानंतर काही आठवड्यांतच नजफच्या लोकांनी तुर्की अंमलदारांनाही गावाबाहेर काढले, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. फतवा खलिफासाठी होता. माणसे स्वतःच्या गावासाठी लढत होती. १९२० मध्ये मिर्झा महंमद तकी शिराझी यांच्या अनुज्ञेने इंग्रजांविरुद्ध जे बंड उठले त्याची जात यामुळेच अधिक स्पष्ट वाटते.

अलीकडचा इतिहास मी थोडक्यात सांगतो, कारण वाचकांनी तो वर्तमानपत्रांत पाहिला आहे. १९८२ मध्ये इस्राएल लेबनॉनात घुसले आणि त्या आघातातून हिजबुल्ला जन्मास आली. २००० च्या मे महिन्यात इस्राएली फौज दक्षिण लेबनॉनातून मागे गेली, पण हिजबुल्लाची शस्त्रे जागच्या जागी राहिली आणि दहा-बारा वर्षांनी ती सीरियातील गावांवर, तेथील राजवटीच्या बाजूने, चालली. इराकात १० जून २०१४ रोजी मोसुल इसिसच्या हाती पडले, पुढील दोन-चार दिवसांत तिकरितजवळ दीड हजारांहून अधिक शिया तरुण रांगेने उभे करून मारले गेले, आणि १३ जूनच्या शुक्रवारी आयातुल्ला सिस्तानी यांचा आदेश करबल्यात वाचून दाखविण्यात आला. त्या क्षणी तो आदेश निघाला नसता तर बगदादचे काय झाले असते, याचा विचार केल्याविना त्यावर टीका करणारा मनुष्य मला प्रामाणिक वाटत नाही. शिवाय त्या आदेशाचे शब्द तोलून घातलेले होते: तो शियांनाच उद्देशून नव्हता, सर्व नागरिकांना होता, त्याने सरकारी दलांत भरती होण्यास सांगितले, आणि ते कर्तव्य ‘किफाई’ म्हणजे पुरेशी माणसे मिळताच इतरांस मुक्त करणारे होते. आमच्या शिबंदीच्या कल्पनेच्या इतके निकट दुसरे काही मला आढळले नाही.

तथापि पुरेशी माणसे मिळाली म्हणजे उरलेली मोकळी होतात. मिळालेली कधी मोकळी होतात, ते किफाईत सांगितलेले नाही. २०१७ च्या डिसेंबरात विजय जाहीर झाला, आणि त्याच महिन्यात सिस्तानी यांच्या प्रतिनिधीने शस्त्रे राज्याच्या ताब्यात असावीत, लढवय्यांच्या पुण्याईवर राजकारण करू नये, असे बजाविले. पाच महिन्यांनी निवडणुका झाल्या. त्यात या आदेशाखाली लढलेल्या दलांच्या पुढाऱ्यांची आघाडी दुसऱ्या क्रमांकावर आली. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बगदाद, नासिरिया, करबला येथे जे तरुण काम आणि पाणी मागत रस्त्यावर उतरले ते बहुतांशी शियाच होते, त्यांतील शेकडो मारले गेले, आणि गोळ्या झाडणाऱ्यांत या दलांची माणसे होती असा आरोप तेव्हापासून उभा आहे. आदेश देणारा वृद्ध नजफच्या गल्लीतील भाड्याच्या लहान घरात राहतो. त्याच्या एका वाक्याने लाखांनी माणसे उभी राहिली. त्याच्या दुसऱ्या वाक्याने ती बसली नाहीत.

पहिल्या इब्राहिमाला हे एका फर्मानात जमले, कारण त्याच्या शिलेदारांचा पगार त्याच्या खजिन्यातून जात होता, आणि धर्म त्यांच्या टोपीत होता. हिशेब टोपीपेक्षा बळकट ठरला. आजच्या दलांचा पगार एकीकडून येतो, शस्त्रे दुसरीकडून आणि पुण्य तिसरीकडून. तिन्ही खाती एका हाताने बंद करील असा धनी कोणी नाही. धर्माच्या नावाची शिबंदी काय करू शकते, याचा अनुभव धाराशिव जिल्ह्यालाही आहे. हैदराबाद संस्थानातले रझाकार शिया नव्हते, त्यांचे भांडण परकीयाशीही नव्हते, म्हणून त्यांना या मालिकेत बसविणे चुकीचे होईल. पण त्यांचा पुढारी कासीम रझवी लातूरचा वकील, लातूर तेव्हा याच जिल्ह्यात, आणि संस्थानाच्या रक्षणाचे नाव घेऊन उभे राहिलेले ते स्वयंसेवक शेवटी संस्थानाच्याच रयतेच्या उरावर बसले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजेने सोलापूरकडून येऊन नळदुर्ग घेतले. चार-पाच दिवसांत रझाकारांची बरतर्फी झाली. ती बाहेरून व्हावी लागली.

माझे आजोळ बोरी नदीच्या काठी. गावात मुसलमानांची पाच-सहा घरे, सगळी सुन्नी; शिया मनुष्य गावाने बहुधा कधी पाहिलाही नसेल. तरी मोहरमला सबंध गाव गोळा होई: अलाव्याचा खड्डा खणला जाई, चोंगे तळले जात, नवसाची पोरे गळ्यात रंगीत धागा घालून फकीर बनत, एका वर्षी मीही बनलो होतो. कत्तलच्या रात्री मुलाणी मामू अलाव्याच्या कडेला बसून करबल्याची कथा सांगत. परंपरा अशी आहे, की शेवटच्या रात्री पैगंबरांचे नातू हुसेन यांनी सोबत्यांस जवळ बोलावून सांगितले, की यांना माझे शिर हवे, तुमचे नव्हे. माझ्या शपथेतून मी तुम्हांस मोकळे करतो. आणि जाणाऱ्यास लाज वाटू नये म्हणून त्यांनी दिवा मालविला. मी त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा.

“मामू, मग कुणी गेलं का?” मी विचारले.

मामूंनी काठीने निखारे सारखे केले. “अंधारात कोण गेलं ते इचारायचं नसतं, बाळा. म्हणून तर दिवा इझवला.”

बहात्तर जणांच्या त्या तुकडीस कोणी फौज म्हणो की शिबंदी, तिच्या सेनापतीने लढाईच्या आदल्या रात्री तिला बरतर्फ केले होते. सकाळी जे उरले ते आज्ञेने उरलेले नव्हते. उलट बाजूचा सरदार हुर्र तर सकाळी आपली फौज सोडून इकडे आला. करबल्याच्या कथेत निघून जाण्याचे दार दोन्ही बाजूंना उघडे आहे, आणि तिच्या नावाने शस्त्र धरणाऱ्या आजच्या सर्व दलांत मला तेच दार दिसत नाही. त्यांचे शौर्य मी नाकारीत नाही. शत्रू खोटा होता असेही म्हणत नाही.

दहाव्या दिवशी उन्हे कलली की ताबूत बोरीत नेत. बांबू आणि कागद पाण्यात सैल होत, रंग वाहून जाई. पंजे मात्र विसर्जित करीत नसत. मामू ते वाळूने घासून धूत, कोरड्या धोतराने पुसत, हिरव्या फडक्यात एकेक वेगळा गुंडाळीत आणि लाकडी पेटीत ठेवीत. पेटी मशिदीत राही, किल्ली पाटलांच्या वाड्यात. वाड्यावर ती घ्यायला पाटलीणबाई स्वतः ओसरीवर येत, पदराने धरून आत नेत, आणि देवघराच्या दाराशी असलेल्या खुंटीवर, धान्याच्या कोठीच्या किल्लीशेजारी, अडकवीत.